बर्डॉकचे मूळ : आहारातील उपयोग व आरोग्यावरील परिणाम

बर्डॉक (लॅ. आर्क्टियम लॅपा; कुल – ॲस्टरेसी) ही सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्या कुलातील द्विवर्षायू वनस्पती आहे. तिचे लांब, सडपातळ सोटमूळ जपान व कोरियात रोजच्या जेवणात भाजी म्हणून खातात. यूरोप व अमेरिकेत ते मुख्यतः वनौषधी म्हणून वापरात आहे. भाजी म्हणून हे मूळ तंतुमय पदार्थांनी समृद्ध असून बहुतेकांना सोसते. चूर्ण, कॅप्सूल, अर्क व चहा या रूपांत पूरक म्हणून ते विकताना केले जाणारे बहुतेक दावे मात्र माणसांवरील पुरेशा चाचण्यांनी सिद्ध झालेले नाहीत.

वनस्पती व प्रसार : बर्डॉक मूळची यूरोप व आशियाच्या समशीतोष्ण प्रदेशांतील. पुढे ती उत्तर अमेरिकेतही रुजली. भारतात ती काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील हिमालयाच्या उंच भागांत आढळते. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठ्या पानांचा घेर तयार होतो आणि मुळात अन्नसाठा होतो. दुसऱ्या वर्षी फुलोरा येतो आणि मूळ लाकडासारखे कठीण बनते, म्हणून भाजीसाठी मूळ पहिल्याच हंगामात काढतात. ते साधारण २-३ सेंमी. जाड आणि मीटरभरापर्यंत लांब असते. साल तपकिरी, आतील गर पांढरट. फुलांच्या स्तबकांवरील आकडेदार छदे कपड्यांना व जनावरांच्या केसांना अडकून बीजप्रसार होतो.

आहारातील उपयोग : जपानमध्ये या मुळाला गोबो, कोरियात उओंग म्हणतात. आओमोरी, इबाराकी व होक्काइडो हे जपानमधील त्याच्या लागवडीचे प्रमुख प्रांत आहेत. चव मातकट, किंचित गोडसर. पोत तंतुमय व करकरीत. बारीक काड्या करून तिळाच्या तेलात परतलेली व सोया सॉस, साखर आणि मिरची घातलेली ‘किनपिरा गोबो’ ही घरोघरची भाजी आहे. डुकराचे मांस घातलेल्या मिसो सारात व भाताबरोबर शिजवूनही ते खातात. नववर्षाच्या जेवणात ठेचून मुरवलेल्या मुळाला मान असतो.

स्वयंपाकी हे मूळ सहसा सोलत नाहीत. सालीलगत सुगंध व पॉलिफिनॉले अधिक असल्याने पाण्याखाली सुरीच्या पाठीने माती व वरचा पापुद्रा तेवढा खरवडतात. मग पेन्सिलीला टोक काढावे तसे मूळ फिरवत त्याचे पातळ तासे काढतात. कापताच गर तपकिरी पडू लागतो, कारण त्यातील क्लोरोजेनिक अम्लासारख्या पॉलिफिनॉलांचे हवेत ऑक्सिडीभवन होते. ते टाळण्यासाठी तासे पाण्यात किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात टाकतात. पाण्याला येणारा तपकिरी रंग हा मुळातून निघून गेलेल्या या द्रव्यांचाच असल्याने, फार वेळ भिजवल्यास त्यांतील बराच भाग वाया जातो.

पोषणमूल्य : १०० ग्रॅ. कच्च्या मुळात सुमारे ८० ग्रॅ. पाणी, १७ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, १.५ ग्रॅ. प्रथिने व नगण्य मेद असतो. तंतुमय पदार्थ सुमारे ३ ते ६ ग्रॅ., पोटॅशियम सुमारे ३०० मिग्रॅ. व मॅग्नेशियम सुमारे ४० मिग्रॅ. असते. क जीवनसत्त्व अत्यल्प असल्याने ताज्या पालेभाज्या व फळे यांची जागा हे मूळ घेऊ शकत नाही.

बटाट्यात अन्नसाठा स्टार्चच्या रूपात असतो, बर्डॉकमध्ये तो प्रामुख्याने इन्युलिनच्या रूपात. इन्युलिन ही फ्रुक्टोज-रेणूंची साखळी होय. तिचे बंध तोडणारी विकरे माणसाच्या लहान आतड्यात नसतात. त्यामुळे इन्युलिन न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते व तेथील जीवाणू ते आंबवतात. याशिवाय मुळात क्लोरोजेनिक अम्ल व इतर कॅफेइक अम्लजन्य द्रव्ये असतात. आर्क्टिइन व आर्क्टिजेनिन ही लिग्नने मात्र मुख्यतः बियांत आढळतात.

पचनसंस्थेवरील परिणाम : मुळाच्या गुणांपैकी सर्वांत भक्कम आधार असलेला गुण हाच. इन्युलिन आंबताना बायफिडोबॅक्टेरियांसारख्या जीवाणूंची वाढ होते आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. त्यांतील ब्युटिरिक अम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे इंधन होय. न विरघळणाऱ्या तंतूंमुळे मल भरीव होतो. यूरोपीय संघाने मलविसर्जन नियमित राखण्याच्या संदर्भात मान्य केलेला दावा चिकरीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिनचा असून, त्यासाठी दिवसाला १२ ग्रॅ. मात्रा सांगितली आहे. त्या आधारावर बर्डॉकच्या एखाद्या कॅप्सूलला तोच गुण चिकटवणे योग्य नाही.

याच किण्वनातून वायूही तयार होतो. सवय नसताना एकदम भरपूर खाल्ल्यास पोट फुगते, गुडगुडते किंवा कळा येतात. क्षोभी आतड्याचा विकार असलेल्यांना हा त्रास अधिक जाणवतो. म्हणून थोड्या प्रमाणात, नीट शिजवून सुरुवात करावी.

रक्तशर्करा : इन्युलिनचे लहान आतड्यात ग्लुकोजमध्ये रूपांतर होत नसल्याने पिठूळ कंदांच्या तुलनेत हे मूळ रक्तशर्करा कमी वाढवते, असे मानण्यास आधार आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभीच मधुमेही व्यक्तींना हे मूळ देऊन प्राथमिक निरीक्षणे करण्यात आली होती. उलट, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात बर्डॉक दिल्यावर मधुमेहाची स्थिती बिघडल्याचे दिसले. ‘मधुमेहावरील औषध’ ही त्याची जाहिरात त्यामुळे निराधार ठरते. जेवणातील भाताचा किंवा बटाट्याचा काही भाग कमी करून ही भाजी खाण्यास हरकत नाही. चालू गोळ्या किंवा इन्शुलिन यांना ती पर्याय नव्हे.

दाह व सांधेदुखी : इराणमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला ४२ दिवस रोज तीन कप बर्डॉक-मुळाचा चहा (दर कपात २ ग्रॅ. मूळ) आणि दुसऱ्या गटाला उकळलेले साधे पाणी दिले. दोन्ही गटांची नेहमीची औषधे चालू होती. चहा घेणाऱ्यांच्या रक्तातील काही दाहदर्शक घटक कमी झाले. निष्कर्ष आशादायक आहे, पण रुग्ण थोडे, काळ अल्प, आणि आपण चहा पितो की पाणी हे रुग्णांना सहज कळण्यासारखे होते. मोठ्या चाचण्यांनी पडताळल्याखेरीज याला उपचार म्हणता येत नाही.

त्वचा व मूत्रमार्ग : पाश्चात्त्य लोकवैद्यकात बर्डॉक ‘रक्तशुद्धी’साठी, मुरुमे व इसब यांवर देत. यूरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने त्याचे पारंपरिक उपयोग म्हणून तीन गोष्टी नोंदवल्या आहेत : मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत लघवी वाढवणे, तात्पुरती मंद झालेली भूक आणि तेलकट त्वचेचे विकार. अशी नोंद दीर्घकाळच्या वापरावर आधारलेली असते. गुण चाचण्यांनी सिद्ध झाल्याचा तो दाखला नसतो.

कर्करोगाविषयीचे दावे : कॅनडातील परिचारिका रेने केस यांनी १९२० च्या दशकात प्रचारात आणलेल्या ‘एसिॲक’ मिश्रणात बर्डॉकचे मूळ हा एक घटक होता. अमेरिकेत हॅरी हॉक्सी यांच्या काढ्यातही ते असे. त्या उपचारावर १९६० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने बंदी आणली. दोन्हींपैकी कशानेही कर्करोग बरा होतो असा पुरावा नाही. आर्क्टिजेनिनने प्रयोगशाळेत कर्कपेशी मरतात, आणि जपानमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावर त्याची आरंभीच्या टप्प्यातील छोटी चाचणीही झाली आहे. पण त्या चाचणीत वापरलेला अर्क बियांचा व ठरावीक सांद्रतेचा होता. तिचा हवाला देऊन मुळाचा चहा विकणे ही रुग्णाची दिशाभूल होय. अशा चहावर विसंबून शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार लांबवण्यात जे दिवस जातात, तेच उपचाराला सर्वांत मोलाचे असतात.

धोके व पथ्ये : *भेसळ* – १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्डॉकचा बाजारी चहा प्यायल्यावर विषबाधा झाल्याची नोंद आहे. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, अंधूक दिसणे, लघवी अडणे व भ्रम ही तिची लक्षणे. कारण होते ॲट्रोपीन. हे द्रव्य बर्डॉकमध्ये नसते. दिसायला तशाच असणाऱ्या बेलाडोनाच्या मुळाची सरमिसळ झाल्याने ते चहात आले. जपानमध्ये फायटोलॅका या विषारी वनस्पतीची मुळे बर्डॉक समजून खाल्ल्यानेही विषबाधा झाली आहे. म्हणून रानातून स्वतः खणून आणलेले किंवा सुटे, बिनलेबलाचे वाळलेले मूळ वापरू नये.

*ॲलर्जी* – त्वचेवर पुरळ उठण्याच्या आणि क्वचित तीव्र ॲलर्जीच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. शेवंती, झेंडू यांसारख्या त्याच कुलातील वनस्पतींची ॲलर्जी असलेल्यांनी सावध असावे. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या हातापायांवर व चेहऱ्यावर त्वचादाह करणारे गाजर गवत याच कुलातील आहे. त्याचा त्रास असणाऱ्यांनी बर्डॉकचे पूरक त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावे.

*इतर* – गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत सुरक्षिततेची पुरेशी माहिती नसल्याने अर्क व कॅप्सूल टाळावेत. रक्त पातळ करणारी, मधुमेहावरील, लघवी वाढवणारी औषधे किंवा लिथियम घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पूरक घेऊ नये. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात पोटॅशियमवर बंधन असल्यास भाजीचेही प्रमाण विचारून ठरवावे. शस्त्रक्रियेपूर्वी असे कोणतेही पूरक चालू असल्यास ते भूलतज्ज्ञांना सांगावे.

खरेदी व साठवण : मूळ घट्ट, सरळ व न सुरकुतलेले असावे, वाकवल्यास लिबलिबीत लागणारे जुने समजावे. माती न धुता ओलसर कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवल्यास ते अधिक टिकते. ज्यांना ताजे मूळ मिळत नाही, त्यांनी केवळ इन्युलिनसाठी महागडी पूरके घेण्याची गरज नाही. कांदा व लसूण यांतही त्याच जातीचे तंतू असतात आणि ते मराठी स्वयंपाकघरात रोजच्या वापरात आहेत.