क्रमिक पुस्तकातली पेन्सिल

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत पेटी-तंबोऱ्याच्या जोडीला भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाचा एखादा शिवण सुटलेला भाग बहुधा असतोच. त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले असते : 'येथे मींड', 'गंधार हलवून', 'दम घेणे'. छापील चिजेपेक्षा मला या दोन-दोन शब्दांचे मोल अधिक वाटते.

स्वरलेखन आपल्या गावाला नवे नाही. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढून ती त्यांच्या हाती सोपवली. सूरसागराकाठी विद्यापीठाच्या रूपाने तिचा वारसा आजही चालू आहे. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही येथेच, १९१६ मध्ये. त्यांची लिपी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब आणि तारला वर. पलुस्करांच्या लिपीत मात्र मंद्राचेच टिंब वर! दोन्ही परंपरांची पुस्तके असलेल्या घरात पेन्सिल का लागे, ते यावरून कळावे.

तरी लिपीत सगळे मावत नाही. दरबारी कानड्याचा गंधार कोमल आणि जौनपुरीचाही कोमल. कागदावर दोघांखाली तीच रेघ. दरबारीतला किती खाली ठेवायचा, कसा आंदोलित करायचा, हे गुरुजी समोर बसून सांगत. शिष्य ते समासात टिपून घेई. म्हणजे छापलेली चीज सर्वांची, पण तालीम त्या एका प्रतीत.

आता हीच पुस्तके स्कॅन होऊन टॅबलेटवर आली आहेत. पडद्यावर लिहिता येते, रंग बदलता येतो, खोडता येते. सोय मोठी आहे, पण बऱ्याच ॲपमध्ये हे टिपण पानावर वेगळ्या थरासारखे राहते. ॲप बदलले, किंवा टिपणे पानात कायमची न मिसळता फाइल पाठवली, की समोरच्याला कोरे पान मिळू शकते. पेन्सिल खोडली तरी कागदावर ओरखडा उरे. येथे तोही नाही.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या प्रती त्यांच्या खुणांसकट इंटरनेटवर ठेवल्या आहेत. लाल पेन्सिल वादकांच्या प्रतींत उतरवायच्या सूचनांसाठी, निळी स्वतःच्या संचालनासाठी. आपल्याकडे स्कॅन करायला 'स्वच्छ' प्रत शोधतात आणि लिहिलेली रद्दीत जाते.

गणपतीसाठी माळा झाडताना असा भाग हाती लागला, तर फोटो काढताना समास कापू नका. पहिल्या पानावरचे नाव, वर्ष, गुरुजींचा उल्लेख तेवढाच जपून टिपा. टॅबलेटवर लिहिणाऱ्या नातवंडांनीही टिपणापुढे तारीख आणि शिकवणाऱ्याचे नाव घालावे. आणि ते जुने अक्षर कोणाचे, हे आजीला या दहा दिवसांतच विचारून घ्या.