क्षेत्रसेवा व्यवस्थापन प्रणाली

कार्यालयाबाहेर, ग्राहकाच्या दारी वा शेताच्या बांधावर, जोडणी, दुरुस्ती आणि देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना कामे नेमून देणारी, त्या कामांचा क्रम व मार्ग ठरविणारी आणि झालेल्या कामाचे दप्तर राखणारी संगणकीय आज्ञावली. वीज, दूरध्वनी, पाणीपुरवठा आणि घरगुती यंत्रांची दुरुस्ती या क्षेत्रांत तिचा वापर विशेष आढळतो.

एका माणसाच्या वाट्याला दहा तक्रारी आल्या, तर त्या निवारण्याचे क्रम 36,28,800 संभवतात, आणि माणसे, वाहने व मुदती वाढल्या की हा हिशेब बुद्धीच्या आवाक्याबाहेर जातो. जॉर्ज डँट्झिग व जॉन रॅमसर यांनी 1959 मध्ये इंधनवाहू मोटारींच्या फेऱ्यांनिमित्त हा प्रश्न गणिती रूपात मांडला. त्यापूर्वीच बंगालमधील तागाच्या पाहणीत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांना गणकांच्या प्रवासखर्चाचा विचार करावा लागला होता. अशा आज्ञावली बनविणारी जुनी कंपनी क्लिकसॉफ्टवेअर 2019 मध्ये सेल्सफोर्स या कंपनीने विकत घेतली.

महाराष्ट्रात या पद्धतीचा परिचय सामान्य माणसाला घडतो तो बहुधा वीज गेल्यावर. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन 6 जून 2005 रोजी महावितरण कंपनी कामास लागली. आज तिच्याकडे 1912 या क्रमांकावर किंवा मोबाइलवरील ॲपमधून तक्रार दाखल करता येते. वीज कायदा 2003 च्या कलम 57 अन्वये राज्य वीज नियामक आयोगाने सेवेची मानके ठरविली असून, ती न पाळल्यास ग्राहकास भरपाई देय असल्याने, तक्रार केव्हा रुजू झाली आणि केव्हा निकालात निघाली, या दोन वेळांना कायदेशीर मोल आले आहे.

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध व भोवती उसाचे मळे असलेल्या गावी या वेळांचा अर्थ नीट उलगडतो. पावसाळ्यात तार तुटलेला खांब फडाच्या मधोमध असावा, बांधावर चिखल असावा, आणि वायरमन तेथे पोहोचला तरी उपकेंद्रातून कामाची परवानगी (परमीट) घेतल्याखेरीज, वाहिनी बंद असल्याची खातरजमा करून तिला अर्थिंग केल्याखेरीज, त्याने खांबास हात लावू नये, असा दंडक असतो. जी प्रणाली केवळ अंतर आणि मिनिटे मोजते व परमीटची प्रतीक्षा हिशेबात धरत नाही, ती त्या माणसाला दिरंगाईचा शेरा देते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दोष मार्गगणनेतील चुकीहून गंभीर होय, कारण त्यामुळे घाईला उत्तेजन मिळते आणि विजेच्या कामात घाई जिवावर बेतते.

प्रणालीची खरी परीक्षा व्यापक बिघाडात होते. 2019 च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील काही उपकेंद्रांत पाणी शिरले. अशा वेळी येणाऱ्या असंख्य तक्रारींचे कारण एकच असते, आणि कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर (वितरण रोहित्रावर) व ती डीपी कोणत्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे, याची बिनचूक नोंद असेल तरच त्या तक्रारी एका कामाखाली गोळा होतात. प्रत्यक्षात जोडण्या बदलतात, भार एका रोहित्रावरून दुसऱ्यावर टाकला जातो, आणि ही फिरवाफिरव दप्तरात उतरेपर्यंत ती फक्त वायरमनास ठाऊक असते. मोबाइलला रेंज नसलेल्या शिवारात नोंद यंत्रातच साठवून पुढे पाठविण्याची सोय चांगल्या प्रणालीत असते. तेथे काम संपल्याची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ या दोन्ही स्वतंत्रपणे ठेवणे अगत्याचे ठरते.