भार धनुष्याचा, माप मुलीचं

आपल्या आजऱ्याच्या बचत गटांतर्फे आज आम्ही धनुष्यबाणाची गोष्ट सांगणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात धनुष्यबाण कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका.

सीतास्वयंवरातलं शिवधनुष्य कुणाला उचलेना, हे आपण लहानपणापासून ऐकतो. धनुष्य आहे तसंच राहायचं, ताकद माणसानं आणायची. हजारो वर्षं खरी धनुष्यंही तशीच होती. लाकूड, बांबू, शिंग यांच्या धनुष्याचा जोर ते बनवतानाच ठरायचा. दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढायचा, आणि सगळ्यात जास्त भार नेमका नेम धरायच्या वेळी हातावर यायचा.

हे बदललं अमेरिकेत. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये नव्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. हेच कंपाउंड धनुष्य. त्याच्या टोकांना चाकं असतात. विहिरीवरची कप्पी आपल्याला माहीत आहे, पण ही चाकं तशी नाहीत. त्यांचा आस मधोमध नसतो. त्यामुळे ओढताना आधी भार चढतो आणि शेवटी एकदम उतरतो. समजा, ५० पौंडांचं, म्हणजे साधारण साडेबावीस किलोचं धनुष्य आहे आणि शेवटी सत्तर टक्के भार उतरतो. मग नेम धरताना हातावर १५ पौंड, म्हणजे सात किलोपेक्षाही कमी उरतात. हात थरथरत नाही.

दुसरी सोय त्याहून मोलाची. हा भार कमी-जास्त करता येतो. धनुष्याच्या दोन्ही पात्यांच्या बुडाशी एकेक बोल्ट असतो. आधी बाजूचा कुलूप-स्क्रू असल्यास तो सैल करायचा, मग षटकोनी चावीनं बोल्ट आवळला की भार वाढतो, सैल केला की उतरतो. वरचा जितका फिरवाल, तितकाच खालचा. कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल केला तर पातं निसटून इजा होऊ शकते. शेवटी काट्यावर भार मोजायचा. हे काम प्रशिक्षकासमोरच करायचं. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही.

भार बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? मुलीला खुर्चीवर बसवून धनुष्य ओढायला सांगा. ते आभाळाकडे न उचलता, कंबर न वाकवता सरळ ओढता आलं, तर भार तिच्या मापाचा. नाहीतर बोल्ट सैल करा. खांदा दुखावून कुणी तिरंदाज होत नाही.

१९९५ मध्ये जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत हे धनुष्य पहिल्यांदा आलं. त्यानंतर २८ वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, आपल्या शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली. वय १७. अंतिम फेरीत तिनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत तिनं सांघिक सुवर्णही जिंकलं होतं. भारताचं जागतिक स्पर्धेतलं ते पहिलंच सुवर्ण. अदितीचे वडील शाळामास्तर. उसाच्या फडालगतच्या मैदानावर प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे ती शिकली. महागड्या साहित्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं.

सख्यांनो, कर्ज म्हणजे काय हे आपल्या गटांना ठाऊक आहे. म्हैस, शिलाई मशीन, मुलाची मोटारसायकल यांसाठी आपण सह्या करतो. मुलीच्या खेळासाठी अर्ज आला, तर "तिला झेपेल का?" असं विचारतो. साठ वर्षांपूर्वी एका माणसानं हाच प्रश्न उलटा केला. माणसाला धनुष्य झेपत नसेल, तर धनुष्य बदलू.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. पुढच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना एवढं ध्यानात ठेवा: मुलगी कमी पडते असं म्हणण्याआधी बोल्ट कुठे आवळलाय ते बघायचं.