कानाचें माप आणि यंत्राचें माप

डोळ्यांस कमी दिसूं लागलें म्हणजे चष्म्याचा नंबर काढावयाचा असतो, हें आतां कोणासही सांगावें लागत नाहीं. शेजाऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांस चालणार नाहीं, हें प्रत्येकजण जाणतो. परंतु कानाच्या यंत्राविषयीं सुशिक्षित घरांतूनही अशी समजूत आढळते कीं, यंत्र म्हणजे आवाज मोठा करणारी एक डबी. ती कोणाच्याही कानास लावली तरी काम भागतें. ही समजूत केवळ अडाणीपणाची आहे असें मात्र नव्हे. एके काळीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनींही तिला जवळजवळ मान्यता दिली होती. कोणत्या कानास किती आवाज द्यावा हें ठरविणारीं सूत्रें कशीं निघालीं, कशीं मागें पडलीं व पुन्हां कशीं पुढें आलीं, याचा इतिहास म्हणूनच जाणण्यासारखा आहे.

या इतिहासाचें महत्त्व पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत चांगलें ध्यानांत येतें. नीरेच्या डाव्या कालव्यानें या मुलखांत ऊंस आणला, आणि उंसामागोमाग माळेगांव, भवानीनगर, वालचंदनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. कोणत्याही कारखान्यांत मोठ्या आवाजाजवळ वर्षानुवर्षें काम करणाऱ्याच्या कानाची पहिली हानि बहुधा सेकंदास सुमारें ४००० कंपनें असलेल्या उंच नादांत होते. वार्धक्यांतही उंच नादच आधीं जातात. अशा मनुष्यास आवाज ऐकूं येतो, पण शब्द उमगत नाहीं. कारण स्वरांचें बळ खालच्या कंपनांत असतें, आणि स, श, ठ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश बराचसा वरच्या कंपनांत व क्षीण असतो. आठवड्याच्या बाजारांत कोणी भाव सांगितला, तर तो ‘सात’ कीं ‘साठ’ कीं ‘आठ’, हें अशा शेतकऱ्यास निश्चित कळत नाहीं. याच बारामतींत मोरोपंतांनीं मात्रा मोजून आर्या रचल्या. तशी एखादी आर्या या कानावर पडली, तर मात्रा पुऱ्या भरतात, शब्द मात्र हरवतात.

मग गेलें तेवढें परत द्यावें, हा विचार प्रथम सुचणें साहजिकच होतें. नादाची पातळी डेसिबेल या मापानें मोजतात. ज्या नादांत ६० डेसिबेलांची उणीव आहे, तेथें यंत्रानें ६० डेसिबेल वाढवावें, असें पहिल्या संशोधकांस वाटे. अनुभव मात्र उलट आला. आंतला कान बिघडला म्हणजे बारीक आवाज नाहींसे होतात, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच असह्य राहतो. ऐकूं येण्याची उंबरठ्याची पातळी वर चढते, सहन होण्याची मर्यादा जवळजवळ जागच्या जागीं राहते, आणि मधली खोली अरुंद होते. तिच्यांत साठ डेसिबेलांची भर घातली तर कान फाटल्यासारखा होतो. अमेरिकेंतील सॅम्युएल लायबर्गर यांनीं १९४४ सालीं असें दाखविलें कीं, माणसें स्वतः यंत्राची खुंटी फिरवून जेवढा आवाज पसंत करतात, तो उणिवेच्या सुमारें निम्मा असतो. हाच पुढें प्रसिद्ध झालेला निम्मेपणाचा नियम. त्यानंतरच्या बहुतेक सूत्रांचें मूळ येथें आहे.

परंतु लगेच दुसऱ्या महायुद्धानंतर वारें फिरलें. युद्धांत बहिरे झालेल्या सैनिकांवर अमेरिकेंत रेमंड कारहार्ट यांनीं निराळी पद्धति चालविली, व ती १९४६ सालीं प्रसिद्ध केली. एकेका रोग्यास अनेक यंत्रें लावून, शब्द ऐकवून, ज्यानें अधिक शब्द कळतील तें यंत्र निवडावयाचें, अशी ती होती. तिला वेळ फार लागे. १९४७ सालीं हार्वर्डच्या संशोधकांनीं जाहीर केलें कीं, बहुतेकांस एकाच घाटाचें यंत्र पुरेसें होतें. प्रत्येकाचें वेगळें माप घेण्यांत विशेष लाभ नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांतील वैद्यकीय संशोधन मंडळाच्या समितीचें मतही त्याच बाजूस पडलें. त्या आधारावर ‘मेड्रेस्को’ नांवाचें सरकारी यंत्र तयार झालें, आणि जुलै १९४८ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेंतून तें विनामूल्य मिळूं लागलें. या मताचा उपहास करणें योग्य होणार नाहीं. ज्यांस यंत्र घेणें परवडलें नसतें, अशा असंख्य लोकांच्या कानांपर्यंत तें पोहोंचलें, हा लाभ लहान नव्हे.

तथापि, पुरेसें म्हणजे उत्तम नव्हे, ही गोष्ट हळूहळू ध्यानांत येऊं लागली. ऑस्ट्रेलियांतील राष्ट्रीय ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेंत डेनिस बर्न व टोनिसन यांनीं १९७६ सालीं नवें सूत्र मांडलें. संस्थेच्या नांवावरून अशा सूत्रांस ‘नॅल’ म्हणतात. बोलण्यांतील खालचा, मधला व वरचा असा प्रत्येक भाग कानास सारखाच मोठा वाटावा, म्हणजे एकानें दुसऱ्यास झांकून टाकूं नये, हें त्याचें तत्त्व. १९८३ सालीं मॅककँडलेस व लिरगार्ड यांनीं ‘पोगो’ हें सूत्र दिलें. तें निम्मेपणाचा नियमच राखतें. फक्त खालच्या नादांत थोडी वजावट करतें. पुढें बर्न व हार्वे डिलन यांनीं १९७६ चें सूत्र प्रत्यक्ष कानांवर पडताळून पाहिलें, तेव्हां तें स्वतःच्याच तत्त्वास पुरें उतरत नाहीं असें आढळलें. म्हणून १९८६ सालीं त्यांनीं तें सुधारून पुन्हां प्रसिद्ध केलें.

या सूत्रांतील फरक एका कल्पित कानावरून पाहूं. समजा, एका वृद्ध कामगाराची उणीव ५०० कंपनांस २०, १००० कंपनांस ३०, २००० कंपनांस ५५ व ४००० कंपनांस ७० डेसिबेल आहे. निम्मेपणाच्या नियमानें त्यास अनुक्रमें १०, १५, २७॥ व ३५ डेसिबेल वाढ मिळेल. पोगो ५०० कंपनांस पांचच देईल. बाकीचे आंकडे तेच राहतील. १९८६ चें नॅल सूत्र मात्र सुमारें ३॥, १५॥, २१ व २५ देईल. सर्वांत वरच्या नादांत दोहोंमध्यें दहा डेसिबेलांचें अंतर पडलें. दहा डेसिबेल म्हणजे नादाची शक्ति दहापट, आणि कानास भासणारा मोठेपणा सुमारें दुप्पट. तोच कान, तोच श्रवणालेख, आणि औषधाची मात्रा इतकी वेगळी! सूत्र कोणतें, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं, तो या आंकड्यांवरून दिसतो.

लहान मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. म्हाताऱ्यास भाषा येत असते. अर्धा शब्द ऐकून तो उरलेला जुळवूं शकतो. जन्मतः कमी ऐकणाऱ्या मुलास भाषाच यंत्रांतून शिकावयाची असते, आणि ‘मला हें नको’ असें तें सांगूंही शकत नाहीं. कॅनडांतील रिचर्ड सीवाल्ड यांनीं १९८५ च्या सुमारास अशा मुलांकरितां ‘डीएसएल’ ही पद्धति उभारली. बोलण्याचा सर्व पल्ला मुलाच्या ऐकण्याच्या मर्यादेंत आणावा, हा तिचा हेतु. मुलाच्या कानाची नळी लहान असल्यामुळें तोच आवाज तेथें अधिक मोठा होतो, याचाही तिनें हिशेब ठेवला. पुढें बारीक आवाज अधिक व मोठा आवाज कमी वाढविणारीं यंत्रें आलीं, तेव्हां दोन्ही पद्धतींस नवीं रूपें द्यावीं लागलीं: डीएसएलचें १९९५ सालीं, नॅलचें १९९९ सालीं. नंतर ऑस्ट्रेलिया व कॅनडा या देशांतील ४८ मुलांस दोन्ही पद्धतींनीं आळीपाळीनें यंत्रें बसवून पाहिलीं; त्याचा वृत्तांत २०१० सालीं निघाला. दोहोंनींही मुलें चांगलीं ऐकत होतीं. हळू बोलणें ऐकण्यास डीएसएलचा अधिक आवाज उपयोगी पडे. गोंगाटांत नॅलचा कमी आवाज बरा वाटे. एकाच मुलास शांत घरांत एक व गजबजलेल्या वर्गांत दुसरें मानवतें, हाच त्याचा बोध.

मराठीचा विचार या सूत्रांत कितपत झाला आहे? १९९४ सालीं बर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा भाषांतील बोलण्याचा नाद मोजून ताडून पाहिला. त्यांत सिंहली होती, मराठी नव्हती. सर्व भाषांचा सरासरी घाट बराच सारखा आढळल्यामुळें एकच सूत्र सर्वत्र वापरण्यास आधार मिळाला. पण सरासरी सारखी असली तरी शब्दांचा भार वेगळ्या ठिकाणीं पडतो. ‘ताट’ आणि ‘ताठ’, ‘काल’ आणि ‘काळ’ हे भेद इंग्रजी शब्दांच्या यादीनें कधींही तपासले जाणार नाहींत. म्हणून सूत्र परकें असलें तरी परीक्षेचे शब्द मराठी हवेत.

भारतांत या विद्येचें शिक्षण देणारी संस्था म्हैसूर येथें १९६५ सालीं, व मुंबईस वांद्रें येथें दुसरी राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. अपंगांस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. तालुक्याच्या गांवीं शिबिरें भरतात, यंत्रें वांटलीं जातात. जेथें एकाच दिवशीं पुष्कळांस यंत्रें द्यावयाचीं असतात, तेथें १९४७ चा जुना वाद नकळत पुन्हां उभा राहतो: सर्वांस एक माप, कीं ज्याचें त्याला माप? वांटप थांबवावें, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण माप न घेतां बसविलेलें यंत्र बहुधा चार दिवसांत ट्रंकेंत जातें, आणि ‘आजोबांस यंत्राचाही उपयोग झाला नाहीं’ असा चुकीचा निकाल घरांत कायम होतो.

सूत्र ही केवळ सुरुवात आहे, हें तीं रचणाऱ्यांसही मान्य आहे. २०११ सालच्या नॅल सूत्रांत नवख्या माणसास आरंभीं सरावलेल्याहून कमी आवाज द्यावा, अशी सोय ठेवलेली आहे. म्हणून घरांतील मंडळींनीं यंत्र घेतांना तीन गोष्टी विचारून घ्याव्या. श्रवणालेख काढून त्यावरून सूत्र लावलें आहे काय? कानाच्या नळींत बारीक नळी घालून आवाज खरोखर तितका पोहोंचतो कीं नाहीं, हें मोजलें आहे काय? आणि महिन्याभरानें यंत्र पुन्हां जुळवून कोण देणार आहे? इंदापुराहून पुण्यास जाणाऱ्या वृद्धाचा सारा दिवस या तिसऱ्या प्रश्नापायीं खर्च होतो. तो प्रश्न सुटेल अशी व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणीं झाली, तर बाजारांतील ‘सात’ आणि ‘साठ’ त्यास पुन्हां वेगळे ऐकूं येतील.