दुसऱ्या पाळीचं जेवण

आमच्या पालघर पट्ट्यात दोघांपुरता स्वयंपाक ही जेमतेम साठ वर्षांची गोष्ट आहे, असं मी म्हटलं की मैत्रिणी हसतात. त्याआधी दोन माणसं जेवत नव्हती की काय? जेवत होती, आणि ती कोण ते पुढे सांगते. पण बागायतदाराच्या, शेतकऱ्याच्या किंवा मच्छीमाराच्या घरात रात्रीची चूल दोघांसाठी पेटत नसे. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली बाई आहे मी, हे जबाबदारीने सांगते. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे लोक काय खातात ते लिहून ठेवलंय. नवरा-बायको दोघंच एका घरात राहून दोघांचंच रांधतात, असं चित्र त्यात शोधून सापडायचं नाही.

माझं सासर केळवे-माहीमचं, वाडवळाचं. पानवेली, केळी, नारळ, सुपारी. वाडीला माणसं लागतात. पाणी सोडायला, वेल बांधायला, पानं खुडायला, ती लावून करंड्यांत भरायला. १८६४ साली मुंबई-सुरत रेल्वे झाली आणि पुढे माहीमची पानं गाडीत बसून पार उत्तर हिंदुस्थानात जाऊ लागली. करंड्या स्टेशनात वेळेवर पोचवायच्या तर घरातले सगळे हात एकाच वेळी कामाला लागायचे आणि एकाच वेळी जेवायला बसायचे. १९८३ साली मी लग्न होऊन गेले तेव्हा त्या घरातल्या सगळ्यात लहान टोपातसुद्धा आठ माणसांचं कालवण मावायचं. थंडीत उकडहंडी व्हायची. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, सगळं एकत्र हंडीत. ती उकडहंडी कोणी दोघांची करून दाखवावी, मी बघायला येते.

ही घडी विस्कटली ती उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, पुढच्याच वर्षी बांधकाम सुरू झालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला वीज रीतसर सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्याच्या मागोमाग सत्तरच्या दशकात बोईसरला एमआयडीसी वाढली. औषधं, रंग, कापड, पोलाद. वीज किती निर्माण झाली याचे आकडे पुष्कळ ठिकाणी मिळतात. माझ्या दृष्टीने या दोन्हींनी निर्माण केलेली महत्त्वाची वस्तू म्हणजे क्वार्टर. दोन खोल्या, उभ्याने करायचा ओटा, एक मोरी. केरळ, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली तरुण जोडपी कॉलनीत राहायला लागली. घरात सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण वेगळ्याच भाषेची. बोईसरचा बाजार तेव्हा पाव किलोने भाजी द्यायला शिकला. जुने लोक सांगायचे की त्याआधी पाव किलो वांगी मागणाऱ्याकडे भाजीवाली बघतच राहायची.

त्या जोडप्यांना स्वयंपाक शिकवणार कोण? लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं. हजार पाकक्रिया आहेत त्यात, पण ते भरल्या घरातल्या, नोकरचाकर असलेल्या बाईसाठीचं पुस्तक. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि त्यात मापं वाटी-चमच्याची होती. ‘अंदाजाने’ हा शब्द ज्या मुलीच्या अजून हातात बसलेला नाही, तिला वाटी कळते. आमच्या ग्रंथालयातली ‘रुचिरा’ची प्रत इतक्यांदा बाहेर गेली की तिची बांधणी पुन्हा पुन्हा करावी लागली. कादंबऱ्यांच्या वाट्याला ते भाग्य फार कमी वेळा आलं.

आमचे हे एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लागले. पाळ्या तीन. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची आणि त्यानंतर माहीमला जायला एसटी नव्हती. म्हणून बोईसरला खोली घेतली. गॅसला नंबर लावला होता, पण तो लागायला तेव्हा वर्षं जायची. तोवर वातीचा स्टोव्ह आणि रेशनचं रॉकेल. कुकर मात्र होता. भारतात घरगुती कुकर १९५९ च्या सुमारास बनायला लागले, आणि माझ्या मते दोघांच्या संसाराला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. खाली डाळ, वर भात, तीन शिट्ट्या. रॉकेल वाचलं ते वेगळंच. तेव्हा रोजचं कोडं असं: मी पालघरहून शाळा करून सहा-साडेसहाला यायची, हे साडेअकराला यायचे. त्या वेळी ताजं, गरम, तिखट काहीतरी पंधरा मिनिटांत पानात पडलं पाहिजे. भूक दोघांना, झोपही दोघांना.

ते पडायचं, कारण सासूबाईंनी निघताना डबे भरून दिले होते. सुके बोंबील, जवळा, करंदी, घरच्या मिरच्यांचा मसाला, कडवे वाल, आमसुलं आणि मीठ लावून वाळवलेल्या कैरीच्या फोडी.

जवळा कसा करायचा ते सांगते. मूठ-दीड मूठ जवळा कोरड्या तव्यावर मंद भाजायचा. रंग बदलला आणि घरभर वास सुटला की सुपात काढून पाखडायचा, म्हणजे वाळू आणि मिशा खाली पडतात. मग पाण्यातून एकदा काढून लगेच पिळायचा. भिजत ठेवला तर चव पाण्यात जाते. कांदा भरपूर, जवळ्याच्या दुप्पट तरी. लसूण ठेचलेली, सालासकट चालते. तेलात लसूण, कांदा, हिरवी मिरची, हळद, घरचा मसाला, वर जवळा आणि कैरीची फोड. कैरी नसली तर टोमॅटो. झाकण ठेवून पाच मिनिटं. सोबत तांदळाची भाकरी, आणि भाकरी थापायचा कंटाळा आला असेल तर कुकरमधला भात. यात खोबरं घालणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी घालत नाही.

बोंबलाचं कालवण याहून थोडं लांबतं. डोकं, शेपूट, पर कापून तुकडे भाजायचे, कोमट पाण्यात टाकायचे, बटाटा आणि चिंचेच्या कोळात शिजवायचे. डाळिंब्यांची खिचडी तर कुकरची एका फेरीची. पण इथेच गंमत आहे. ती खिचडी वीस मिनिटांत होते असं म्हणणाऱ्याने वाल कधी सोलले नसावेत. एक रात्र भिजवायचे, एक रात्र फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. आणि ते वाल मुळात भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर वाढलेले. झटपट जेवणाच्या मागे एक अख्खा हंगाम उभा असतो आणि त्यात दुसऱ्याच कुणाचे तरी हात राबलेले असतात. माझ्या बाबतीत ते सासूबाईंचे होते. मी नोकरी करू शकले याचं श्रेय लोक माझ्या शिक्षणाला देतात. मी ते मे महिन्यातल्या वाळवणाला देते.

मासळीच्या बाबतीत हे हात मच्छीमार मांगेला समाजातल्या बायकांचे. सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी, दांडी ही किनाऱ्याने गावं. थंडीत डोल जाळ्यांत बोंबील सापडतो. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. म्हणून बांबूच्या वलांडी उभारून त्यावर घालतात. पद्धत बघण्यासारखी आहे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. नुसत्या त्यांच्या दातांवर जोडी वाऱ्यात तोलून राहते. बायकांचे हात इतक्या चपळाईने चालतात की कुठे अडकवलं ते डोळ्याला दिसत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांची बेगमी याच वलांडीवरून घराघरांत जायची.

बोईसरच्या बाजारात ओली मासळी वाट्यावर मिळते, आणि दोघांच्या घराला त्याचा मोठा आधार. मांदेलीचा वाटा, कोळंबीचा वाटा. “घे गो बाय, दोघांना पुरंल,” असं म्हणून मावशी वर चार मासे टाकायची. वजनकाट्यावर ही वरकड मिळत नाही.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. कॉलनी येण्याच्या पुष्कळ आधीपासून या जिल्ह्यात दोघांचंच रांधणारी माणसं होती, अजून आहेत. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाला उचल देतो ती जोडीला, कामही मोजतो जोडीचं. आठवड्याला खर्ची हातात पडली की तांदूळ, मीठ, मिरची, तेल आणि सुकट. संध्याकाळी तीन विटा मांडायच्या, त्यावर भात, आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सुकटीची मिरचीबरोबर वाटलेली चटणी. माझ्या स्टोव्हवरच्या जवळ्यात आणि त्या चटणीत जिन्नस जवळजवळ सारखेच. फरक एवढाच की माझ्याकडे कांदा भरपूर होता आणि उचल फेडायची नव्हती. ‘दोघांसाठी सोपं जेवण’ म्हणून मासिकांत जी चित्रं येतात त्यांत ही तीन विटांची चूल कोणी काढत नाही.

आणि ज्यांना रांधायलाच कोणी नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एमआयडीसीत खानावळी निघाल्या. यालाही आमच्याकडे भक्कम पूर्वज आहे. चिंचणीला जे ताम्रपट सापडले त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती सुगतिप नावाचा अरब अधिकारी बघत होता. मधुमती म्हणजे मुहम्मद, असं अभ्यासक मानतात. त्याने दोन प्रवाहांवर फुकट होड्या चालू केल्या आणि एक अन्नछत्र घातलं, त्यात साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी परगावच्या माणसाला इथे भातावर तूप मिळत होतं! बोईसरच्या खानावळीत चपात्या मोजून मिळायच्या आणि तुपाचा तर विषयच नव्हता.

पुढे चित्र बदललं ते गाडीने. विरारच्या पलीकडे आम्ही शटलवर जगणारी माणसं. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि पालघर-बोईसरला मुंबईत नोकरी करणाऱ्या जोडप्यांची घरं झाली. दोघंही सकाळी अंधारात निघणार, रात्री आठ-नवाला उतरणार. बायकांच्या डब्यात मटार सोलणं, मेथी निवडणं, गवार मोडणं चालतं, आणि वैतरणेचा पूल येईपर्यंत निम्मा स्वयंपाक उरकलेला असतो. सासूबाई जे ओसरीवर करायच्या ते आता गाडीत होतं. फक्त बसायला जागा मिळाली पाहिजे.

ताजं पापलेट मात्र या घरांतून मागे सरकलं. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी पाठपुरावा केला आणि २०२३ साली सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. मान मिळाला तो मासा कमी व्हायला लागल्यावर. लहान पिल्लंच जाळ्यात ओढली जातात, मोठं व्हायला मागे राहतं कोण? त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न, ज्यासाठी मांगेला समाज परिषदेला हरित लवादापर्यंत जावं लागलं. आता वाढवणच्या बंदराचं काम, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली. ही गोष्ट मी इथे का काढते? कारण ओटा, गॅस, कुकर आणि लोकल कितीही सुधारली तरी डब्यात जवळा असेल तरच पंधरा मिनिटांत जेवण होतं.

सासूबाई गेल्यापासून मे महिन्यात डबे मी भरते. ओळखीच्या मावशीकडून सुकट, बोंबील, करंदी घ्यायची, गच्चीवर पुन्हा दोन उन्हं द्यायची, आणि अर्धं मुलगा-सुनेकडे पुण्याला. तीही दोघंच, दोघांच्याही नोकऱ्या, त्यांची दुसरी पाळी म्हणजे अमेरिकेच्या वेळेच्या मीटिंगा. अडचण पाठवण्याची. कुरियरवाल्याने पिशवी नुसती नाकाजवळ नेली आणि परत दिली. मग तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर स्टीलचा डबा आणि झाकणाला चिकटपट्टी करून भाच्याच्या गाडीच्या डिकीतून पाठवला. पोचला. भाच्याने वाटणी म्हणून करंदी काढून घेतली होती. सुनेचा त्याच रात्री फोन आला, पाखडायला सूप नाही, चाळणी चालेल का म्हणून. म्हटलं चालेल, पण खिडकी उघडी ठेव, तुझ्या शेजाऱ्यांना मी ओळखत नाही.