वायुकोशातील भक्षकपेशीची कुळकथा

वर्धा जिल्हा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात 1918 च्या इन्फ्लुएन्झाने गावेच्या गावे ओस पाडली, तेव्हा या रोगाचे मूळ विषाणूत आहे हे ठाऊक नव्हते (माणसातील तो विषाणू 1933 मध्ये हाती लागला), आणि फुफ्फुसात त्याला प्रथम सामोरी जाणारी पेशी केवळ ‘धूळपेशी’ म्हणून ओळखली जात होती. हिंगणघाटच्या जिनिंगमधील बारीक धूळ वायुकोशांपर्यंत, म्हणजे जिथे प्राणवायू रक्तात उतरतो त्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोचली की तीच पेशी ती गिळते, त्यामुळे हे नाव अगदीच गैर नव्हते. पण ते अपुरे होते.

गिळणे हेच संरक्षण, हा विचार इल्या मेचनिकॉफ यांचा. 1882 मध्ये मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकीन हे ओडेसा येथील त्यांचेच विद्यार्थी, हे नाते आपल्याकडे सांगितले जायला हवे तितके सांगितले जात नाही.

पुढे अनेक दशके असे मानले गेले की अशा गिळणाऱ्या सर्वच पेशी, म्हणजे भक्षकपेशी, अस्थिमज्जेत जन्मून रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या रूपाने अवयवांत येतात. 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी हा समज मोडला: वायुकोशातील भक्षकपेशींचे पूर्वज गर्भावस्थेतच फुफ्फुसात उतरतात, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात परिपक्व होतात आणि पुढे तिथेच विभाजन पावून आपली वस्ती टिकवतात. जुन्या महसुली भाषेत बोलायचे तर त्या मिरासदार, आणि संसर्गाच्या वेळी रक्तातून येणाऱ्या पेशी उपरी.

हा भेद केवळ वंशावळीपुरता नाही. मिरासदार पेशी विषाणू गिळतात, इंटरफेरॉन (1957 मध्ये ओळखले गेलेले, शेजारच्या पेशींना सावध करणारे प्रथिन) सोडतात, पण एरवी दाह आवरूनही धरतात, कारण वायुकोशात सूज आली तर श्वासच अडतो. बाधित पेशी हेरून मारण्याचे काम नंतर येणाऱ्या टी-पेशींचे. इन्फ्लुएन्झात मिरासदारच मोठ्या संख्येने मरतात, हे उंदरांत दिसले आहे, आणि मग जिवाणूंना रान मोकळे मिळते. 1918 च्या बळींपैकी बहुतेकांचा अंत जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाला, याचे एक कारण इथे असावे. 2020 मध्ये गंभीर कोविड रुग्णांच्या फुफ्फुसांतील द्रवाची तपासणी झाली, तेव्हाही मूळच्या पेशी घटलेल्या आणि रक्तातून आलेल्या, दाह भडकवणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या.