पेठेची कुळकथा

महाबळेश्वरच्या बाजारात, डॉ. साबणे रस्त्यावर, चपला, चिक्की आणि भाजके चणे विकणाऱ्या दुकानांच्या वर आणि मागे माणसं राहतात. बाजार सोडून पॉइंटांच्या वाटेला लागलं की गाव पालटतं. झाडीत दडलेले बंगले, ऐसपैस आवार, एकीकडची हाक दुसरीकडे पोहोचू नये एवढं अंतर. नगररचनेची दोन कुळं इथे शेजारी नांदतात.

थोरलं कूळ पेठेचं. पेशवाईत पेठ वसवायची म्हणजे सरकार कर्तबगार माणसाला कौल देई. काही वर्षं कर माफ. त्या सवलतीवर वाणी, उदमी, कारागीर आणून वसवायचे. बाजाराची व्यवस्था शेटे-महाजनांकडे. पुण्यातली सदाशिव पेठ माधवराव पेशव्यांच्या काळात पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं वसली. साताऱ्यातल्या यादोगोपाळ, मल्हार, प्रतापगंज याच कुळातल्या. रस्त्याकडेला दुकान, आत चौक, वर बिऱ्हाड. पुण्यात तर कात्रजच्या तलावातून नळानं आलेलं पाणी हौदाला. आधी नकाशा रंगवला नव्हता म्हणून याला कुणी आपोआप वाढलेली वस्ती म्हणू नये. कर, पाणी, बाजार आणि माणसं यांचा एकत्र विचार करणारं ते नियोजनच होतं.

धाकटं कूळ डोंगरावर आलं ते इंग्रजांबरोबर. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी साताऱ्याहून वर चढला. पुढे इंग्रज रेसिडेंटच्या आग्रहावरून साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी तिथून रस्ता बांधून दिला. गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये आले आणि १८२९ मध्ये वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांकडे गेली. कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र महाबळेश्वर काही मैलांवर होतं तसंच राहिलं. नवी वस्ती माल्कम पेठ झाली.

नाव पेठेचं, पण पेठ उरली बाजारापुरती. साहेबांचे बंगले रानात, वाणी-उदमी बाजारात, हवा खायला डोंगराच्या कडेचे पॉइंट. राहणं, विकणं आणि रमणं यांच्या जागा वेगळ्या करून टाकल्या होत्या.

पुढे शंभरेक वर्षांनी, १९३३ मध्ये, युरोपातल्या आधुनिकतावादी वास्तुरचनाकारांनी हीच फाळणी तत्त्व म्हणून मांडली: निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक यांना शहरात आपापली जागा. ल कॉर्बुझिए यांनी ते सूत्र १९४३ मध्ये ‘अथेन्स सनद’ म्हणून छापलं आणि पुढे चंडीगडच्या सेक्टरांत उतरवलं. त्यांच्यापुढे धुरानं काळवंडलेली, रोगट औद्योगिक शहरं होती. माल्कम पेठेमागे हुद्दा आणि वर्ण होता. हेतूंत मोठा फरक आहे आणि तो पुसू नये. पण दोन्हीकडे माणसाचा दिवस तुकड्यांत कापला गेला. आपल्याकडे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं होणाऱ्या विकास आराखड्यांतही निवासी, व्यापारी, औद्योगिक असे पट्टे येतात.

या विचाराला १९६१ मध्ये लेखिका जेन जेकब्ज यांनी आव्हान दिलं: दुकानं, घरं, वर्दळ एकत्र असलेला रस्ताच सुरक्षित आणि जिवंत असतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही आधुनिकतावादी वसाहत पाडायला सुरुवात झाली, तोच आधुनिक वास्तुकलेचा अंत असंही पुढे म्हटलं गेलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. नवी मुंबईची कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह मांडणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनीच ऐंशीच्या दशकात तिथे एकेका चौकाभोवती सात-सात घरं बसवली. ज्यानं त्यानं आपलं घर गरजेप्रमाणे वाढवावं. वाड्यात वाढलेल्याला ती रचना परकी वाटणार नाही.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. ते व्हायलाच हवं होतं. नाहीतर रान उरलं नसतं. आता नवीन महाबळेश्वर येऊ घातलं आहे. त्यासाठी कोयनेच्या जलाशयाभोवतीच्या दोनशेहून अधिक गावांचं नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. बामणोली-तापोळ्याकडच्या गावांत दुकान आणि घर एकाच छपराखाली असेल, तर आराखड्यात त्याला एकाच रंगाचा पट्टा देऊ नये. आणि जे स्वयंपाकी, चालक, बोटवाले तिथे राबणार, त्यांची घरं नकाशावर आधी दाखवावीत. हॉटेलांची जागा त्यानंतर ठरवावी.